शेकोटीवर अमेरिका नाही

पेंडल हिल, सिडनी
रविवार, ४ मे २०२५

सलिल,

फोनवर तू मला ब्लॉक केलंस, मेलवर केलंस, गेममध्येही केलंस. पण ग्लेन वेव्हर्लीत तुझ्या दाराबाहेर जी विटांची पत्रपेटी आहे, तिला ब्लॉक करायची सोय अजून निघालेली नाही. म्हणून हे कागदावर. हॉस्टेल सुटल्यापासून एवढं हाताने लिहिलं नव्हतं. अक्षर लागलं नाही तर मेधाला दे, फार्मसीत तिने याहून घाण अक्षर वाचलंय.

काल मतदान करून आलो. शाळेच्या अंगणात रांग, पाच मिनिटांत काम, बाहेर सॉसेजचा स्टॉल. वीणाने नेहमीप्रमाणे सॉसेज वगळून नुसता कांदा घातलेला पाव मागितला आणि स्टॉलवरची बाई नेहमीप्रमाणे 'नो वरीज, लव्ह' म्हणाली. तो पाव खाताना माझ्या डोक्यात आलं, की ज्या देशात आपण दोघं मत देतो त्या देशाच्या राजकारणावरून आपण वीस वर्षांत एकदाही भांडलो नाही. तू कुणाला मत देतोस हेसुद्धा मला धड माहीत नाही. आणि ज्या अमेरिकेत मी विमान बदलायलाही कधी उतरलो नाही, तिच्या निवडणुकीवरून आपण तीस वर्षांची मैत्री घालवली. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच. आपण तर समुद्रापलीकडच्या शेळ्या हाकत होतो.

आपलं ठरलेलं होतं ना, की फोरमवरचं फोरमवर? एम्बरमार्च खेळणारे सगळ्या जगातले लोक तिथे. गेमची चर्चा करायला यायचे आणि अमेरिकेवरून एकमेकांच्या उरावर बसायचे. मी त्यांच्या लाल, रिपब्लिकन बाजूने, तू निळ्या, डेमोक्रॅट बाजूने. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं, एवढंच दोन्हीकडचं तत्त्वज्ञान. तू मला 'पेंडल हिलचा काउबॉय' म्हणायचास, मी तुला 'ग्लेन वेव्हर्लीचा क्रांतिकारक'. आणि शनिवारी दुपारी दोन वाजता तू, मी आणि तुझी तनया आपापल्या घरून गेममधल्या त्याच शेकोटीभोवती जमायचो. तू सरदार, ढाल घेऊन पुढे, तनयाची साळुंकी धनुष्य घेऊन झाडावर, आणि मी वैद्यबुवा मागे औषधांची पिशवी धरून.

तनयाच्या बाबतीत जे झालं त्याचं मला वाईट वाटतं. पण ते मी मुद्दाम केलेलं नाही, हे तुलाही माहीत आहे. वीणाला मेधाकडून एवढंच कळलं, की पोरगी फेब्रुवारीत पीएचडी सोडून परत आली आणि घरीच असते. ती कशी आहे एवढं एका ओळीत कळव. बाकीचं भांडण आपण पुढे केव्हा तरी करू.

विश्राम


पेंडल हिल
रविवार, २९ जून २०२५

सलिल,

तुझं उत्तर आलं नाही, पण माझं पत्रही परत आलं नाही. त्याचा अर्थ मी माझ्या सोयीने लावलाय.

तू रागावलेला आहेस, त्यामुळे सगळा प्रसंग तुझ्या डोक्यात वाकडा बसला असणार. एकदा सरळ क्रमाने सांगतो.

तनया अकरा वर्षांची होती. रविवारच्या मराठी शाळेपाशी पोचलं की गाडीतून उतरायची नाही, सीटबेल्ट घट्ट धरून बसायची. तू वैतागून मला फोन केलास. मी म्हणालो, शाळा राहू दे, तिला आपल्या तुकडीत घे. अट एकच घातली. शनिवारचा खेळ झाला की त्या दिवशी काय घडलं ते तिने मराठीत लिहायचं. तो आपला रोजनामा. मी वाचणार, खाली 'वाचले — वैद्यबुवा' अशी सही करणार, आणि सही झाल्याशिवाय पुढचा खेळ सुरू होणार नाही. तिची पहिली नोंद मला अजून पाठ आहे. 'आज लांडगा आला. बाबा पळाले.'

पुढे वही गेली आणि रोजनामा कॉम्प्युटरवर आला. लांडग्यांच्या जोडीला त्यात शाळा आली, मैत्रिणी आल्या, ड्रायव्हिंग टेस्टमध्ये दोनदा नापास होणं आलं. चौदाव्या वर्षी तिने जाहीर केलं, की रोजनामा बाबांनी वाचायचा नाही, फक्त काकांनी. तू वरवर तोंड वाकडं केलंस, पण ते पाळलंस. तिच्या मित्रमैत्रिणींपैकी कुणाला मराठी येत नव्हतं. इंग्रजीत जे कुणाला सांगायची नाही ते ती तिथे लिहायची.

दुसरा नियमही तिचाच. २०२०मध्ये भर लढाईत आपण अमेरिकेवरून जुंपलो, मी रागाच्या भरात तुला औषध दिलं नाही आणि आपण तिघंही मेलो. त्या दिवशीच्या नोंदीत तिने मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'शेकोटीवर अमेरिका नाही.' ते आपण चार वर्षं पाळलं.

मग गेल्या वर्षी गेमचा नवा भाग आला. त्यात एक शहर आपला रखवालदार निवडतं, दोन उमेदवार, आणि आपण कुणाला मदत करायची ते आपण ठरवायचं. फोरमवर सगळ्यांना त्या दोघांत आपापले शत्रू दिसायला लागले. त्यातच नोव्हेंबरची खरी निवडणूक. तनया पीएचडीसाठी अमेरिकेत जाऊन तीनच महिने झाले होते. तिने त्या आठवड्याच्या नोंदीत, तिथल्या मुलींबरोबर ती ज्या घरात राहायची तिथे घडलेला एक प्रसंग लिहिला, आणि तो वाचून मला वाटलं, की तुझ्या बाजूच्या लोकांचं खरं रूप एका आतल्या माणसानेच सांगितलंय. मी त्याचं इंग्रजी करून फोरमवर टाकलं. तू तिथे आदल्याच दिवशी मला नाही नाही ते बोलला होतास, हे विसरू नकोस.

कुणीतरी म्हणालं की ही बनवाबनवी आहे. म्हणून मी मूळ पानाचा फोटो टाकला. देवनागरी तिथे कोण वाचणार होतं? पानाच्या कोपऱ्यात तिचं नाव इंग्रजीत होतं, ते माझ्या नजरेतून सुटलं. झालं एवढंच. त्यावरून लोकांनी तिला कसं शोधलं, शहर कुठलं, लॅब कुठली, हे त्यांचं त्यांना ठाऊक. तिसऱ्या दिवशी तिने मला रोजनाम्यातून काढून टाकलं तेव्हा मला काय झालंय हे कळलं, आणि मी लगेच सगळं पुसलं, फोरम सोडलं. याहून जास्त मी काय करायला हवं होतं ते सांग.

विश्राम


पेंडल हिल
रविवार, १० ऑगस्ट २०२५

सलिल,

गेल्या पत्राची प्रत वीणाने वाचली. म्हणाली, "हे पत्र आहे की वकिलाची नोटीस?" मी म्हणालो, तुला यातलं काही कळत नाही. त्यावर ती प्रत माझ्यापुढे ठेवून स्वयंपाकघरात गेली. आमच्याकडे सध्या बरंचसं असंच चाललंय.

पण मीही एकदा मनातलं बोलून घेतो. तुला राग नक्की कशाचा आला? तनयाच्या घरातल्या मुलींनी तिला वाळीत टाकलं याचा, की तिने लिहिलं होतं 'बाबांना सांगता येणार नाही' याचा? तुला ते फोरमवर, परक्या लोकांच्या गर्दीत, माझ्या इंग्रजीतून वाचायला मिळालं. मी तुझ्या जागी असतो तर मलाही झोंबलं असतं. पण तो घाव माझा नाही. तुझ्या मुलीला तुला सांगता येत नव्हतं, तर ते आधीपासूनच होतं.

हे लिहून पेन खाली ठेवलं, चहा करून आलो, आणि आता वाचल्यावर वाटतं की हे पाठवू नये. पाठवतोय. खोडलेली पत्रं पाठवायची नाहीत एवढं ठरवलंय.

शनिवारी दोन वाजता मी अजून गेम उघडतो. तू मला काढलंस, पण आपला तळ माझ्याकडे दिसतो. जो आला नाही त्याला मारायचं नाही, शेकोटीपाशी बसवून ठेवायचं आणि शेकोटी पेटती ठेवायची, ही आपली रीत. साळुंकी तिथे बसलेली आहे, गुडघ्यांना मिठी मारून. मी तिच्या समोर बसतो. गेममध्ये शेकोटीला लाकडं टाकावी लागत नाहीत, ती आपोआप जळते, तरी मी जवळच्या रानातून आणून टाकतो.

विश्राम


पेंडल हिल
रविवार, ७ सप्टेंबर २०२५

सल्या,

आज इथे फादर्स डे. सकाळी वेंटवर्थव्हिलला भाजी आणायला गेलो. प्रत्येक दुकानाबाहेर तेच फलक. मिठाईवाला ओळखीचा, त्याने 'अंकल, हॅपी फादर्स डे' म्हणून पेढा पुढे केला. आम्हाला मूल नाही हे त्याला माहीत नाही, आणि मला त्याचं कधी काही वाटलंही नव्हतं. आज तो पेढा मी गाडीत बसून खाल्ला आणि बराच वेळ गाडी सुरू केली नाही.

तनया दर वर्षी आजच्या दिवशी मला मेसेज करायची. 'हॅपी स्पेअर फादर्स डे.' स्टेपनीचं चित्र टाकायची. तुला माहीत होतं का? मी तुला कधी सांगितलं नाही. तुला वाईट वाटेल म्हणून नाही, मला ते माझ्याजवळच ठेवायचं होतं.

आज तुला ती नोंद सांगतो. तू फोरमवर वाचलीस ती माझी होती. तिची अशी होती:

'९ नोव्हेंबर. आज साळुंकीचं लक्ष नव्हतं, म्हणून पूल ओलांडता आला नाही. बुधवारी निकालानंतर घरात सगळ्या रडत होत्या. मीपण रडले. संध्याकाळी शेजारच्या लॅबमधला वेस्ली आला. मेगनच्या वाढदिवसाचा केक तो आणणार हे आधीच ठरलं होतं. त्याने कुणाला मत दिलं ते सगळ्यांना माहीत आहे. मेगनने केक घेतला, त्याच्या तोंडावर दार लावलं आणि केक कचऱ्यात टाकला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी दाराजवळच होते. मला दाराच्या काचेतून तो दिसत होता. तो लगेच गेला नाही. मी टाळ्या वाजवल्या नाहीत पण दारपण उघडलं नाही. बाबांना सांगता येणार नाही, ते म्हणतील की त्याला तसंच पाहिजे. काका, मी काय करायला पाहिजे होतं?'

शेवटची ओळ मी भाषांतरात घेतली नाही. वादात तिचा काही उपयोग नव्हता.

तिने मला रोजनाम्यातून काढलं त्या दिवशी मी तिला फोन केला होता, हे मी तुझ्यापासून लपवलं. तिने उचलला. मी समजावत होतो, की मला तिचं कौतुकच करायचं होतं, एवढं खरं लिहायला धाडस लागतं, फोरमवर चारशे लोक तिला शाबासकी देतायत. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "काका, ते मी फोरमसाठी नव्हतं लिहिलं. तुमच्या सहीसाठी लिहिलं होतं."

आणि फोन ठेवला. त्यानंतर तिचा आवाज मी ऐकलेला नाही.

सल्या, त्या नोंदीखाली माझी सही नाही. अकरा वर्षांत एकही नोंद मी सहीशिवाय सोडली नव्हती. वडील गेले त्या आठवड्यात पुण्याहून केली, दवाखान्यात सलाईन लावलेल्या हाताने केली. तिथे मात्र विसरलो. रविवारी सकाळी ती नोंद उघडली, अर्ध्यावरच मला फोरम दिसायला लागलं, आणि मी दुसरी खिडकी उघडून भाषांतर करायला बसलो. मी 'वाचले' लिहिलं नाही ते बरंच झालं म्हणायचं, कारण मी ती वाचलीच नव्हती.

विश्राम


ऑल्बरी, मोटेलमध्ये
रविवार, ५ ऑक्टोबर २०२५

सल्या,

हा मोटेलचा कागद आहे. वीणा पलंगावर पाठ करून बसली आहे आणि टीव्हीवर कुठलीतरी फुटबॉलची मॅच बघते आहे, जी तिला कळत नाही.

आम्ही काल तुझ्याकडे आलो होतो, हे मेधाने तुला सांगितलं असेल किंवा नसेल. लाँग वीकेंड होता, वीणा म्हणाली चल, नऊशे किलोमीटर आहेत, रस्त्यात तरी बोलशील. मी रस्ताभर रेडिओ लावून ठेवला. तुझ्या गल्लीत पोचलो तेव्हा तुझी गाडी नव्हती. मेधाने दार उघडलं, जाळीचं दार मात्र बंदच ठेवलं. तीस वर्षं मी तुझ्या घरात बूट काढायच्या आधी 'चहा टाक' म्हणत शिरलेला माणूस. तिच्यावर राग नाही. मागच्या खोलीचा पडदा हलल्यासारखा वाटला. कदाचित वाराही असेल.

मेधा रागावली नाही, तेच जास्त लागलं. मी विचारलं, सलिलने पत्रं वाचली का? ती म्हणाली, नाही, तो पाकीट फोडतसुद्धा नाही, टेबलावर टाकून निघून जातो. मग म्हणाली, "तनया वाचते. सगळी वाचते, विश्राम. पहिल्यापासून."

पुढचं तिने दाराआडूनच सांगितलं, आणि ते तुला माहीत असेल तरी मला लिहायलाच हवं. ती नोंद लिहिल्यावर तनयाने माझ्या उत्तराची दोन दिवस वाट पाहिली. उत्तर आलं नाही. मग सोमवारी ती स्वतःच वेस्लीकडे गेली, स्वतः केलेला केक घेऊन. मधे कच्चा राहिला होता म्हणे. त्याची माफी मागितली. तो हसला, दोघांनी कडेकडेचा खाल्ला. मंगळवारी त्याला कुणीतरी फोरमवरचं माझं भाषांतर पाठवलं. तोवर लोकांनी मेगनला शोधलं होतं, त्यालाही. त्याच्या वडिलांच्या दुकानावर फोन जात होते. तो तनयाला एवढंच म्हणाला, की तुला गोष्ट सांगायला माझा चेहराच मिळाला का, आणि त्यासाठीच केक आणला होतास का. घरातल्या मुलींनी तिच्याशी बोलणं टाकलं ते तिने सहन केलं. हे मात्र सहन झालं नाही. तीन महिने ओढले आणि परत आली.

जे तिने मला विचारलं होतं, ते तिचं तिनेच बरोबर करून दाखवलं होतं. एका दिवसात मी ते मोडलं.

मेधाने आणखी एक सांगितलं. एप्रिलमध्ये तू तनयाला म्हणालास, चल, आपण दोघंच खेळू. ती म्हणाली, खेळता येणार नाही, काकांची सही राहिली आहे. तू चिडून खोलीबाहेर गेलास. मी तिथे उभ्या उभ्या रडलो, आणि मेधाने जाळीतून टिश्यूचा डबा नुसता दाखवला, दार उघडलं नाही.

म्हणजे जूनचं पत्रही तिने वाचलं. ते खोटं होतं, आणि ते खोटं आहे हे तिला माहीत होतं, कारण फोरमवरचं सगळं तिने पाहिलेलं आहे. आता तुला सांगतो, आणि हे वाचणाऱ्या तिलाही. कोपऱ्यातलं नाव माझ्या नजरेतून सुटलं नव्हतं. मला ते दिसलं होतं. फोटो कापावा असं मनात आलं, मग वाटलं, कापलेला फोटो खोटा वाटतो, म्हणून तसाच टाकला. त्याखाली एकाने विचारलं, अशा नावाच्या हजार मुली असतील, ही कुठली? त्याला मी उत्तर दिलं. शहराचं नाव लिहिलं, आणि लिहिलं की मातीतल्या बुरशीवर काम करणाऱ्या लॅबमध्ये आहे. माझ्याकडून कुणी फसवून काढून घेतलं नाही. मी शुद्धीवर होतो, चहा पीत होतो, आणि माझ्या लिहिण्याला मिळणारी दाद मोजत होतो. तुला हरवल्याचा आनंद झाला होता. माझ्याच हाताने पोरीला त्या लोकांपुढे उभं केलं आणि मला तेव्हा ते कळलंसुद्धा नाही.

माफी मागतो असं लिहिणार होतो. कुणाची आणि कशाकशाची, याची यादी कागदापेक्षा मोठी होते.

मघाशी वीणाने टीव्ही बंद केला आणि विचारलं, "खरं लिहिलंस का या वेळी?" मी हो म्हणालो. ती म्हणाली, मग उद्या पोस्टात टाक, प्रत ठेवू नकोस.

विश्राम


पेंडल हिल
शनिवार, ८ नोव्हेंबर २०२५

सल्या,

गुरुवारी पाकीट आलं. वरचा पत्ता तनयाच्या अक्षरात. आत चिठ्ठी नव्हती. माझीच पाच पत्रं होती, सगळी उघडलेली, घडीवर मऊ झालेली. मेच्या पत्राखाली निळ्या शाईत लिहिलं होतं, 'वाचले — साळुंकी'. ऑगस्टच्या पत्राखाली तेच, ज्यात मी तुझ्याबद्दल वाईट लिहिलं त्याखालीसुद्धा. सप्टेंबरच्या खाली, मोटेलच्या कागदाखाली. जूनच्या पत्राखाली काही नाही. पानांना टाचणी नव्हती, म्हणून आधी मला वाटलं एखादं पान पडलं असेल, जमिनीवर शोधत बसलो. मग कळलं.

आज सकाळी मेल आली, 'तनयाने तुम्हाला रोजनामा उघडून दिला आहे.' वीणा म्हणाली, आधी अंघोळ कर, मग उघड. मी अंघोळ केली, धुतलेला शर्ट घातला. एका फाइलसाठी. तू हसशील.

गेल्या वर्षीची नोंद तशीच आहे. तिच्याखाली सहीपुरती जागा, आणि त्याखाली एक नवी नोंद. तू रोजनामा वाचत नाहीस, म्हणून विचारल्याशिवाय उतरवणार नव्हतो. पण तिने शेवटी कंसात लिहिलंय, 'हे बाबांना चालेल'. म्हणून:

'१ नोव्हेंबर २०२५. बाबा आणि मी ठरवलं की पुढच्या शनिवारपासून खेळायचं. साळुंकी एक वर्ष शेकोटीपाशी बसली होती. वैद्यबुवा समोर बसायचे आणि लाकडं आणायचे, ते तिने बघितलं. वैद्यबुवांनी आधी खोटं सांगितलं, मग खरं सांगितलं. खरं ऐकल्यावर बरं वाटेल असं साळुंकीला वाटलं होतं. तसं झालं नाही. तिला आता त्यांचा राग येत नाही. पण लिहायला बसलं की वाटतं, हे कुठे जाईल. असं वाटलं की लिहिता येत नाही. म्हणून साळुंकी आणि सरदार यांनी शेकोटी विझवली आणि ते दोघं पुढे निघाले. वैद्यबुवा तिथेच राहिले. औषधांची पिशवी त्यांच्याजवळच ठेवली आहे, कारण ती त्यांची आहे. हा रोजनामा इथे संपला.'

जो आला नाही त्याच्यासाठी शेकोटी पेटती ठेवायची, ही रीत तिनेच अकराव्या वर्षी घातली होती. ती तिलाच मोडावी लागली, आणि त्यासाठीसुद्धा तिने मला पान उघडून दिलं. तिला मला न विचारता पुढे जाता आलं असतं. कुणी अडवलं नव्हतं. पण सही झाल्याशिवाय खेळ सुरू होत नाही, हे मी तिला शिकवलं, आणि मी शिकवलेलं ती अजून पाळते आहे.

मनात खूप आलं. खाली काहीतरी लिहावं, निदान तिच्या त्या प्रश्नाचं उत्तर द्यावं. दोन वेळा लिहिलं आणि पुसलं. तिने माझ्या पत्रांखाली एका शब्दापलीकडे काही लिहिलं नाही, मग माझा काय अधिकार. हळूहळू, एक एक ओळ बोट ठेवून, दोन्ही नोंदी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचल्या. मग गेल्या वर्षीच्या नोंदीखाली लिहिलं, 'वाचले — वैद्यबुवा'. नव्या नोंदीखाली तेच लिहायला मला पाऊण तास लागला. वीणा खांद्यावर हात ठेवून उभी होती. ती म्हणाली, कर, पोरीला खेळायचंय. केली.

आता दोन वाजायला दहा मिनिटं आहेत. मी आज गेम उघडणार नाही. हे पत्र सोमवारी पोस्टात पडेल, तुझ्या पेटीत येईपर्यंत तुम्ही पूल ओलांडून गेला असाल. हे पाकीट तू फोडशील की नाही कोण जाणे, तरी सांगून ठेवतो. पुलाच्या डाव्या अंगाला झाडी आहे, तिथून लांडगे येतात. साळुंकीला झाडावर चढायला वेळ लागतो, तोवर ढाल धरून तिच्यापुढे उभा राहा. या वेळी पळू नकोस, सल्या. औषध द्यायला मागे कुणी नाही.

विश्राम